साडेदहाच्या पाळीचं पाणी : दोन टिंबांचं एक प्रकरण

उमरगा-लोहारा पट्ट्यातल्या एका गावात गेल्या उन्हाळ्यात पाच आणि सहा नंबरच्या लाईनला सलग चार पाळ्या वेळेवर पाणी आलं नाही. गावात दिवसाआड पाणी सुटतं, म्हणजे आठ दिवस. विहिरीला पाणी होतं, टाकी भरलेली होती, पाइप कुठं फुटलेला नव्हता, वॉल्व्हही चालत होता. कारण सापडलं ते एका फाईलमध्ये लिहिलेल्या वेळेत, तास आणि मिनिटं यांच्या मधल्या दोन टिंबांत. ही सगळी व्यवस्था मी आणि माझ्या दोन विद्यार्थ्यांनी बसवली होती, म्हणून काय घडलं ते पहिल्यापासून लिहून ठेवतो आहे. प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलांना ते उपयोगी पडेल. ज्या गावांत आता अशी यंत्रं बसू लागली आहेत, तिथल्या लोकांनाही पडावं.

गाव माझं आजोळ. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं. त्यामुळे रस्ते सरळ, घरं ओळीनं आणि पाण्याच्या लाईनीही नंबरवार. टाकीजवळची एक नंबर, सगळ्यात लांबची सहा. सहा नंबरला कोणती वस्ती असेल हे मराठवाड्यातल्या वाचकाला सांगावं लागणार नाही. जुन्या गावात ती जशी कडेला होती, तशी नव्या नकाशातही कडेलाच आली.

वॉल्व्ह फिरवायचं काम वीसेक वर्षं एकाच माणसाकडे आहे. अख्खं गाव त्यांना मामा म्हणतं, मीही. खांद्यावर लोखंडी चावी घेऊन ते पहाटे निघायचे, एकेका चेंबरचं झाकण उचलून चावी फिरवायचे, तासाभरानं ती बंद करून पुढच्या लाईनला जायचे. गुडघे गेले, तशी सरपंचताईंनी माझ्याकडे विचारणा केली. आम्ही सहा वॉल्व्हना मोटारी बसवल्या, टाकीखालच्या खोलीत रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक ठेवला आणि पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला. दर मिनिटाला तो घड्याळ बघतो. एखाद्या लाईनची वेळ झाली असेल तर तो वॉल्व्ह उघडतो, ठरलेली मिनिटं झाली की बंद करतो. वेळापत्रक मात्र प्रोग्रामच्या आत न लिहिता वेगळ्या फाईलमध्ये ठेवलं, म्हणजे ते बदलायला दर वेळी मी यायची गरज पडू नये. फाईल यॅमल पद्धतीची. ती पद्धत निवडण्याचं कारण एवढंच, की ती माणसाला वाचता येते आणि मराठी शब्दही चालतात:

लाईन: 5
वेळ: 10:30
मिनिटे: 60

मधल्या ओळीत कोलन (:) दोनदा आला आहे आणि दोन्ही ठिकाणी त्याचं काम वेगळं आहे. पहिल्या कोलननंतर मोकळी जागा आहे, म्हणून यॅमल त्याला नाव ('वेळ') आणि त्याची किंमत ('10:30') वेगळी करणारी खूण समजतं. दुसऱ्यानंतर जागा नाही, म्हणून तो किमतीचाच भाग ठरतो. म्हणजे अर्थ ठरतो तो खुणेच्या उजवीकडे काही नाही यावरून. कागदावर लिहिताना आपण या मोकळ्या जागेचा कधी विचारसुद्धा करत नाही.

नोव्हेंबर ते मार्च सगळं सुरळीत चाललं. मार्चअखेर विहिरीचं पाणी खाली गेलं, थ्री फेज लाईटची वेळही बदलली. मग ग्रामपंचायतीनं ठरवलं की पाळ्या उशिरा सुरू करायच्या आणि प्रत्येक लाईनला पाऊण तासाऐवजी तास द्यायचा. हिवाळ्यातल्या वेळा होत्या साडेपाच, सव्वासहा, सात, पावणेआठ, साडेआठ, सव्वानऊ. नव्या वेळा साडेसहापासून साडेअकरापर्यंत. प्रोग्रामला कुणी हात लावला नाही, फक्त फाईलमधले आकडे बदलले.

विसर्ग आणि कोलन

नव्या वेळा टाकल्या ग्रामपंचायतीतल्या ऑपरेटर ताईंनी. दिवसभर उतारे, दाखले, अर्ज मराठीत टाईप करणाऱ्या, हात अतिशय सफाईचा. त्यांनी फाईल नव्यानं लिहून काढली, आणि प्रोग्राम सुरूच होईना. पडद्यावर आलेल्या संदेशाचा मराठीत अर्थ होता : अपेक्षित ':' सापडला नाही.

ताईंनी फोटो पाठवला आणि वर फोन केला. "सर, हे म्हणायलंय कोलन नाही. मला तर डोळ्यांनी दिसायलाय."

मलाही दिसत होता. 'वेळ' या शब्दापुढे दोन टिंबं अगदी स्पष्ट होती. पण तो कोलन नव्हता, विसर्ग होता. ताईंनी 'वेळः' लिहिलं होतं.

यात ताईंची चूक नव्हती, असं मी तेव्हा म्हटलं आणि आजही म्हणतो. शासकीय कामात चालणाऱ्या इनस्क्रिप्ट कळफलकावर, इंग्रजी मांडणीत जिथं कोलन असतो त्या कळीवर च आणि छ बसलेले आहेत. कोलन हवा असेल तर भाषा बदलून इंग्रजीत जायचं, टाईप करायचं आणि परत मराठीत यायचं. विसर्ग मात्र आडव्या रेघेच्या कळीवर शिफ्ट धरून लगेच मिळतो. दिवसाला पन्नास अर्ज टाईप करणारं माणूस काय करेल? 'अर्जदाराचे नावः', 'गावः', 'तालुकाः'. कोणत्याही कार्यालयातले अर्ज काढून बघा, विसर्गच दिसतील. छापलेल्या कागदावर काही बिघडत नाही, कारण वाचणारा माणूस असतो. उलट बाजूनंही तेच चालतं. 'स्वतः' आणि 'दुःख' लिहिताना विसर्गाच्या जागी कोलन टाकलेला मजकूर वेबवर ढिगानं आहे.

यंत्राला टिंबं दिसत नाहीत, त्याला क्रमांक दिसतो. युनिकोड या सगळ्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत कोलनचा क्रमांक ५८, विसर्गाचा २३०७. साठवतानाही एकाला एक बाइट लागतो, दुसऱ्याला यूटीएफ-८ या नेहमीच्या साठवण पद्धतीत तीन. त्या दोघांत यंत्राच्या लेखी क आणि सात या आकड्याइतकंही नातं नाही. विसर्ग हा अक्षराला चिकटणारा उच्चार आहे, विरामचिन्ह नाही. मराठी व्याकरणात कोलनला अपूर्णविराम म्हणतात, आणि ते नाव मला फार नेमकं वाटतं : वाक्य अजून संपलेलं नाही, पुढं तपशील येतो आहे.

ओळखायची एक सोपी युक्ती ताईंना सांगितली, ती इथंही लिहितो. संशय आला तर त्या टिंबांच्या आधी एक मोकळी जागा टाकून बघायचं. कोलन असेल तर तो तसाच राहतो. विसर्ग असेल तर त्याला टेकायला अक्षर उरत नाही, आणि बहुतेक ठिकाणी ठिपक्यांचं एक वर्तुळ उमटतं.

माझ्या एका विद्यार्थ्यानं त्याच दुपारी दुरुस्ती केली : फाईल वाचण्याआधी तिच्यातले सगळे विसर्ग काढून त्या जागी कोलन टाकायचे. दहा मिनिटांत प्रोग्राम पुन्हा अडला. आता तक्रार दुसरीच होती, भलत्या ठिकाणी नाव-किंमत आल्याची. तीन नंबरच्या लाईनखाली मामांसाठी एक टीप होती, 'वॉल्व्ह स्वतः बंद करावा'. दुरुस्तीनं 'स्वतः'मधला खरा विसर्गही कोलन करून टाकला. त्याच्यापुढं मोकळी जागा होतीच, म्हणून यॅमलला वाटलं 'वॉल्व्ह स्वत' हे एक नाव आणि 'बंद करावा' ही त्याची किंमत. मुलगा हिरमुसला. मी त्याला म्हटलं, सरसकट बदलायचं नाही. ओळीच्या सुरुवातीला आपल्याला माहीत असलेल्या तीन-चार नावांपैकी एखादं असेल आणि लगेच विसर्ग असेल, तेवढाच बदल. ते चाललं. प्रोग्राम सुरू झाला, एक नंबरला वेळेवर पाणी सुटलं आणि आम्ही समाधानानं तालुक्याला परतलो.

या समाधानानंच पुढचे आठ दिवस खाल्ले. कोलनची चूक सापडली, दुरुस्त झाली, आता कोलन नीट आहेत, असं तिघांच्याही मनात बसलं. नंतर बिघाड शोधताना आम्ही सगळीकडे पाहिलं, फाईल मात्र पाहिली नाही.

चार पाळ्या

पहिल्या पाळीला पाच आणि सहा नंबर कोरडे राहिले. त्या दिवशी सव्वादहाला लाईट गेली होती, त्यामुळे कुणी फार मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या पाळीला लाईट होती. मामांनी पाच नंबरचं चेंबर उघडलं, आतला गाळ काढला, मोटारीच्या वायरी हलवून बघितल्या. संध्याकाळी मला फोन आला. मी विद्यार्थ्याला पाठवलं. त्यानं चाचणीचं बटण दाबलं, तर वॉल्व्ह उघडला आणि बंदही झाला. रिले, म्हणजे मोटार चालू-बंद करणारा स्विच, चांगला, वायर चांगली. त्यानं मला कळवलं की सगळं ठीक आहे, पुढच्या पाळीला येईल पाणी.

तिसऱ्या पाळीला आलं नाही. दुपारपर्यंत वाट बघून मामांनी जुनी चावी काढली आणि हातानं वॉल्व्ह उघडला. पाणी आलं. पण तोवर लाईनीतल्या अर्ध्या बायका हापशावर जाऊन आल्या होत्या, आणि हाताला लागलेलं पाणी जेमतेम वीस मिनिटं टिकलं, कारण लाईट जायची वेळ झाली होती.

इथून प्रकरणाला दुसरं वळण लागलं, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. हातानं उघडलं की पाणी येतं, म्हणजे पाइपात दोष नाही. बटण दाबलं की वॉल्व्ह उघडतो, म्हणजे यंत्रातही दोष नाही. मग पाणी अडवतं कोण? माणूसच. त्यातच पाच-सहा नंबरचं न सुटलेलं पाणी टाकीत राहत होतं, त्यामुळे पुढच्या पाळीला एक आणि दोन नंबरला जोरानं पाणी यायचं, मोटार लावल्यासारखं. सरपंचताईंचं घर दोन नंबरला. सहा नंबरच्या माणसांनी त्यावरून काय समजायचं? त्यांनी जे समजून घेतलं, ते त्यांच्या आयुष्यभराच्या अनुभवाशी जुळणारं होतं. वस्तीतल्या एका आजी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून मला म्हणाल्या, "बाबा, टाकी तुडुंब हाय, आमच्याच नळाला कामून नाही ते सांग. लेकराला आंघोळ घालायला पाणी नाही अन् वरच्या गल्लीत अंगण धुवायलेत."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं तेव्हापासून गावोगावच्या भिंतींवर माणशी दिवसाला ५५ लिटर हा आकडा रंगवलेला आहे. आजींच्या नळाला आठ दिवसांत तेवढंसुद्धा आलं नव्हतं.

बोलणी सगळ्यात जास्त खाल्ली मामांनी. त्यांच्या हातात चावी होती ना. वीस वर्षं ज्या माणसानं एका वस्तीला दोन मिनिटं कमी आणि दुसरीला दोन मिनिटं जास्त दिली नाहीत, त्याला भर चौकात कुणीतरी म्हणालं, "किती घेतले?" मामा त्या संध्याकाळी जेवले नाहीत, असं मामींनी मला नंतर सांगितलं.

चौथ्या पाळीला मी आणि विद्यार्थी लॅपटॉप घेऊन टाकीखालच्या खोलीत बसलो. साडेनऊला चार नंबर उघडला. साडेदहाला तो बंद झाला. आणि पाच नंबरचं काहीच झालं नाही. तक्रार नाही, लाल अक्षरं नाहीत, नोंदवहीत एक ओळ नाही. दहा एकतीस झाले, दहा बत्तीस झाले. प्रोग्राम दर मिनिटाला घड्याळ बघत होता आणि त्याच्या मते अजून कुणाचीच वेळ झालेली नव्हती.

मुलगा म्हणाला, "सर, त्यानं फाईलमधून वाचलंय काय, ते तरी छापून बघू." हा प्रश्न आम्ही पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. छापलेली ओळ अशी आली:

'06:30', '07:30', '08:30', '09:30', 630, 690

पहिल्या चार वेळा अवतरणचिन्हांत, म्हणजे मजकूर म्हणून वाचलेल्या. शेवटच्या दोन नुसत्या संख्या. प्रोग्राम घड्याळातल्या '10:30' या मजकुराची ६३० या संख्येशी तुलना करत होता. ती जुळणं शक्यच नव्हतं, आज नाही, कधीच नाही.

सहाशे तीस कुठून आले?

दहा गुणिले साठ, अधिक तीस. अकरा गुणिले साठ, अधिक तीस म्हणजे सहाशे नव्वद.

यॅमलच्या २००५ सालच्या १.१ या आवृत्तीत एक सोय होती : कोलननं तोडलेले आकडे दिसले की ते साठमान पद्धतीतली संख्या समजायचे. तास-मिनिटं-सेकंदं किंवा अंश-कला लिहिणाऱ्यांसाठी ती ठेवलेली. साठमान आपल्याला परकं नाही. पंचांगात अजूनही साठ पळांची एक घटका आणि साठ घटकांचा एक दिवस असतो; घटका म्हणजे आपली चोवीस मिनिटं. पण पंचांग वाचणारा घटका आणि पळं वेगवेगळी ठेवतो. इथं यंत्रानं तास मोडून त्यांची मिनिटं केली, मिनिटांत मिळवली, एकच संख्या बनवली आणि कुणाला सांगितलं नाही.

मग साडेसहा ते साडेनऊ का बचावले? नियम असा आहे की अशा संख्येचा पहिला आकडा एक ते नऊ यांपैकी असावा. 06:30 शून्यानं सुरू होतं, म्हणून नियमात बसत नाही, म्हणून मजकूर राहतं. हिवाळ्यातल्या सहाही वेळा सकाळी दहाच्या आतल्या होत्या. सगळ्यांच्या डोक्यावर शून्य होतं. पाच महिने आम्ही जे यश समजत होतो ते त्या शून्याच्या जिवावर होतं. पाळी दहाच्या पुढं गेली आणि शून्य गळालं. शेवटच्या लाईनींनाच सगळ्यात उशिराची वेळ, म्हणून फटका शेवटच्यांनाच बसला. इथं कुणी ठरवून काही केलेलं नव्हतं. तरी नकाशात जे कडेला, तेच वेळापत्रकात शेवटी आणि तेच चुकीच्या तोंडाशी, हे मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

२००९ च्या १.२ आवृत्तीतून ही साठमानाची तरतूद काढून टाकली. पण पायथॉनमध्ये सर्रास वापरली जाणारी पाय-यॅमल ही यॅमल वाचणारी लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामचा संच, १.१ चे नियम पाळते. हा खड्डा माहितीतला आहे. डॉकर कंपोझ हे अनेक प्रोग्राम एकत्र चालवण्याचं साधन वापरणाऱ्यांना पोर्टची, म्हणजे जोडणीच्या क्रमांकांची, जोडी अवतरणचिन्हांत लिहायला सांगतात ती याचसाठी. 22:22 तसंच लिहिलं तर त्याचे १३४२ होतात. मी स्वतः ही सूचना वर्गात शिकवलेली आहे. पोर्टबद्दल शिकवलेली गोष्ट पाण्याच्या वेळेला लागू होते, हे लक्षात आलं नाही.

एक गंमत इथं नोंदवायला हवी. ताईंनी आकडे मराठीत, १०:३० असे लिहिले असते तर यॅमलनं त्यांना संख्या मानलंच नसतं, कारण त्याच्या नियमाला फक्त इंग्रजी आकडे कळतात. मजकूर म्हणून ते आत आले असते, घड्याळातल्या इंग्रजी आकड्यांशी जुळवायला मात्र आधी बदलावे लागले असते. आम्हीच त्यांना सांगितलं होतं की आकडे इंग्रजी टाका, चूक होणार नाही.

एवढी कामं एका खुणेला का, असं मुलानं विचारलं. याचं उत्तर १९६० च्या दशकात ठरलेल्या आस्की या संगणकाच्या सांकेतिक संचात आहे. सात बिटांत १२८ जागा. त्यातून अक्षरं, आकडे, मोकळी जागा आणि नियंत्रणाच्या जागा वजा केल्या तर खुणांसाठी बत्तीसच उरतात. त्या बत्तिसांत प्रोग्रामिंगच्या पुढच्या बहुतेक भाषांनी संसार केला. आस्कीच्याही आधीच्या अल्गोल भाषेनं कोलनपुढं बरोबरचं चिन्ह जोडून किंमत देण्याची खूण केली, पास्कलनं ती चालवली, आणि पायथॉननं २०१९ मध्ये ३.८ आवृत्तीत तीच खूण वेगळ्या कामाला घेतली. सी भाषेत प्रश्नचिन्ह आणि कोलन मिळून 'असं असेल तर हे, नाही तर ते'. जेसन या माहिती लिहिण्याच्या पद्धतीत तो नाव आणि किंमत यांच्या मध्ये, वेबपानांचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्येही तसाच. वेबच्या पत्त्यात तो आधी पद्धतीच्या नावानंतर येतो आणि पुढं पोर्टच्या आधी. युनिक्समध्ये रस्त्यांची यादी तोडायला कोलन, आणि विंडोजमध्ये ड्राइव्हच्या अक्षरामागं तो असल्यामुळे फाईलच्या नावात चालतच नाही. पीएचपी या वेबच्या भाषेतल्या जोड-कोलनचं (::) अंतर्गत नाव तर हिब्रू आहे, 'पामायीम नेकुदोतायीम', म्हणजे दोनदा दोन टिंबं. ती भाषा नव्यानं घडवणारे दोघं इस्रायलचे होते, आणि जगभरच्या प्रोग्रामरांच्या पडद्यावर तो हिब्रू शब्द चुकीचा संदेश म्हणून वर्षानुवर्षं झळकला. मला ते आवडतं. घडवणाऱ्यांच्या घरची बोली त्यात राहिली.

पायथॉनमधल्या 'जर' आणि 'जोवर' यांच्या ओळीअखेरच्या कोलनची हकिगत मात्र मी मुलाला तिथंच, टाकीखाली बसून सांगितली. ती पायथॉनचे जनक गिडो व्हान रॉसम यांनी नोंदवून ठेवली आहे. १९७८ मध्ये पोलंडमधल्या एका जुन्या वाड्यात काही संगणकशास्त्रज्ञ एका नव्या भाषेची रचना ठरवत होते. तीच पुढं एबीसी झाली आणि तिच्यातून पायथॉननं बरंच घेतलं. त्यांचं एकमत होईना. मग त्यांच्यातल्या रॉबर्ट डेवर यांच्या पत्नी कॅरिन डेवर यांना खोलीतून बोलावून मत विचारलं. पहिला नमुना समजावून सांगितल्यावर त्यांनी विचारलं, म्हणजे ही वरची ओळ म्हणते ते खालच्या ओळींसाठीही आहे, त्या एकट्या ओळीपुरतं नाही? तेव्हा त्या मंडळींच्या लक्षात आलं की ओळीच्या शेवटी कोलन असता तर हा गैरसमज झालाच नसता. आपल्या अपूर्णविरामाचा अर्थही तोच : पुढं अजून आहे.

त्या खोलीत कुणीतरी बाहेरच्या माणसाला विचारलं होतं. आम्ही फाईलची रचना ठरवताना ऑपरेटर ताईंना विचारलं नव्हतं की तुम्ही वेळ कशी लिहिता, आणि मामांना विचारलं नव्हतं की तुम्ही ती कशी सांगता.

दुरुस्ती

तातडीचा उपाय दोन मिनिटांचा होता : सहाही वेळा अवतरणचिन्हांत टाकल्या. अकरा वाजून पाच मिनिटांनी पाच नंबर उघडला, त्यानंतर सहा. पण अवतरणचिन्ह टाकायला ताईंनी कायम लक्षात ठेवायचं, ही दुरुस्ती नव्हे. पुढच्या आठवड्यात आम्ही प्रोग्राम बदलला. पाय-यॅमलमध्ये सगळं मजकूर म्हणूनच वाचणारा साधा वाचक आहे, तो लावला. संख्या कोणती आणि वेळ कोणती हे आता आमचा प्रोग्राम ठरवतो, यॅमल नाही. वेळेत कोलन असो, विसर्ग असो, आकडे मराठी असोत की इंग्रजी, सगळं चालतं. आणि एखादी वेळ कळली नाही तर प्रोग्राम गप्प बसत नाही. ग्रामपंचायतीच्या पडद्यावर मराठीत ओळ येते : 'पाच नंबरची वेळ समजली नाही, ही लाईन उघडणार नाही', आणि मामांच्या फोनवर तोच निरोप जातो. पहिल्या वेळी फाईल अडली तेव्हा आम्ही वैतागलो होतो. खरं तर त्या विसर्गानं आमच्यावर उपकार केले होते. त्यानं निदान ओरडून सांगितलं. 10:30 नं काहीच सांगितलं नाही, आणि त्याची किंमत दोन गल्ल्यांनी मोजली.

शेवटचा बदल मामांच्या बोलण्यातून निघाला. मी त्यांना फाईल दाखवून सगळं समजावत होतो, तर म्हणाले, "मला काय कळतंय बाबा त्यातलं. त्याला म्हणावं, तुला काय समजलं ते आमच्या भाषेत सांग." मग आम्ही तेच केलं. वेळापत्रक बदललं की यंत्र जे समजलं ते शब्दांत लिहून काढतं : एक नंबर साडेसहा, दोन नंबर साडेसात, पाच नंबर साडेदहा. तो कागद छापून शाळेच्या भिंतीला लागतो. आकडा नाही, कोलन नाही. सव्वा, साडे आणि पावणे यांची यादी बसवायला मुलांना एक संध्याकाळ लागली. 'साडेएक' आणि 'साडेदोन' न लिहिता 'दीड' आणि 'अडीच' लिहायचं, हे त्यांना चाचणी घेताना मामांनीच पकडून दिलं.

ग्रामपंचायतीत बैठक झाली. सरपंचताईंनी मला बोलायला सांगितलं. मी उभं राहून सांगितलं की पाणी कुणी अडवलं नव्हतं, आमच्या प्रोग्रामनं वेळ चुकीची वाचली, दोष आमचा, मामांचा नाही. फळ्यावर 10:30 लिहिलं आणि शेजारी ६३० लिहून दाखवलं. काहींना पटलं. मागं बसलेल्या आजींनी विचारलं, "मग यंत्राला पहिल्या गल्लीचंच बरं नीट वाचता आलं?" मी शून्याची गोष्ट सांगितली. त्या ऐकून घेत होत्या, पण मान हलवली नाही.

आता पाणी दर पाळीला येतं. साडेअकराला सहा नंबरचा वॉल्व्ह आपोआप उघडतो. तरीही मामा अकरा वीसला चावी घेऊन त्या चेंबरपाशी जाऊन उभे राहतात. गुडघे दुखतात, मोटार आहे, फोनवर निरोप येतो, सगळं मी त्यांना सांगून झालं. पाइपातून हवेचा आवाज आला, पहिल्या नळाला धार लागली की ते झाकण बसवतात आणि चावी खांद्यावर घेऊन घरी जातात.